बळवंतच्या दाखल्यावर

मी खाली सही करणार, राहणार गोरेगाव पूर्व, टेकडीखालची चाळ, खोली नंबर अकरा, सध्या पोटासाठी अबुधाबीत, कंपनीच्या पत्र्याच्या कॅम्पात, आज शुक्रवारच्या सुट्टीत, अंगात ताप नसताना, पोटात दारू नसताना आणि कोणी पाठीमागे उभं राहून सांगत नसताना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. अशा कागदात पहिल्याच ओळीत नाव आणि वय घालायची रीत आहे. माझं घोडं तिथेच अडतं, म्हणून त्याचं वेगळं कलम करतो.

कलम पहिले. नाव आणि वय.

पासपोर्टात, कंपनीच्या रजिस्टरात आणि खोलीच्या भाडेपावतीवर माझं नाव बळवंत सोनू शिवगण, वय सत्तावीस. खरं नाव हरेश्वर सोनू शिवगण, वय तेवीस. बळवंत हा माझा थोरला भाऊ. तो चौथी पास होऊन १९६१ सालच्या मे महिन्यात गावी गेला आणि तिथेच विषमज्वराने वारला. बारा वर्षांचा होता. गावच्या शाळेत घालायचं म्हणून इथल्या शाळेतून त्याचा दाखला आधीच काढून ठेवला होता. तो दाखला आईने ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपला.

दोन वर्षांनी वडील खाटेला खिळले. ते पुढे तीन वर्षांनी गेले, पण कमाई त्याच दिवशी थांबली. चौदाच्या खालचं पोर कारखान्यात ठेवता येत नाही असा कायदा आहे, आणि मी होतो दहाचा. आईने ट्रंक उघडली. तो दाखला बाहेर काढला, मग माझे केस तेल लावून चापून बसवले आणि म्हणाली, "आजपासना भायेर कुनी नाव इचारलं तर बळवंत सांगायचं. घरात तू हरेशच."

वय तपासणाऱ्या डॉक्टरने तोंड उघडायला लावून दाढा मोजल्या. "चौदा? घरात जेवायला घालतात की नाही रे?" एवढं बोलून शिक्का मारला. तेव्हापासून जिथे जिथे गेलो तिथे तोच कागद पुढे गेला आणि मी त्याच्या मागून.

हे आत्ताच लिहायचं कारण असं. सोमवारपासून मला समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर पाठवणार आहेत. तिथे जाणाऱ्याकडून कंपनी फॉर्म भरून घेते, मेल्यावर पैसे कोणाला. उद्या काही झालं तर तार जाईल ती बळवंत मेल्याची. बळवंत पंधरा वर्षांपूर्वी मेला अशी नोंद गावच्या दप्तरात आहे. कोणी ती काढून दाखवली तर माझी आई रिकाम्या हाताने परत येईल. म्हणून शपथेवर सांगतो की कागदावरचा बळवंत आणि घरातला हरेश्वर हा एकच माणूस आहे, आणि तो मी.

कलम दुसरे. खोली.

खोली नंबर अकरा आईची, म्हणजे सरूबाई सोनू शिवगण हिची. तिच्यामागे माझी धाकटी बहीण जयंती हिची. मधली वनमाला लग्न होऊन मुलुंडला गेली, तिचं तिथे बरं आहे, तिने हरकत घेऊ नये. पोटमाळ्यावरची फळी मी ठोकली आहे, ती हलते, तिच्यावर पाण्याचं पिंप ठेवू नये.

आई म्हणते माझं बूड एका जागी टेकत नाही. खरं आहे. कारखाना सोडल्यावर अंधेरीला गॅरेज केलं, स्टुडिओत दिवे उचलले, घाटकोपरला वेल्डिंग शिकलो, तिथून एजंटाने इकडे आणलं. पण स्वप्नात मी जातो ते त्याच एका खोलीत.

कलम तिसरे. या कागदाचं खरं कारण.

पंधरा दिवसांपूर्वी वनमालाचं पत्र आलं. तिने लिहिलं की दादा, आई जयंतीला दिवाळीनंतर गोळ्यांच्या कारखान्यात लावणार आहे, माझ्या दाखल्यावर. जयंती बाराची, सहावीत आहे. वनमालाच्या दाखल्यावर सोळा भरतात. जयंती अंगाने उंच आहे, साडी नेसवली की खपून जाईल असं आई म्हणाली. पुढे लिहिलं होतं, तू पाठवतोस ते पुरतं, पण तू तिकडे समुद्रात जाणार कळल्यापासून आईला झोप नाही, उद्याचं काय, असं सारखं म्हणते.

म्हणजे जयंती आता वनमाला होणार. बँकेतलं माझं जे काही आहे ते कोणाला आणि कोणत्या अटीवर द्यायचं ते पुढे लिहितो. त्याआधी कारखान्याबद्दल लिहितो, नाहीतर आईला वाटेल पोरगा परदेशात गेला आणि खाल्ल्या अन्नावर उलटला.

कलम चौथे. कुंडलिक मुकादम यांना माझी लाकडी मुठीची काळी छत्री.

आमच्या कारखान्यात लिंबाच्या आणि पेपरमिंटच्या गोळ्या व्हायच्या. सकाळी पाक चढला की वास टेकडीपर्यंत जायचा. लांब फळीच्या दोन्ही बाजूंना आम्ही अठ्ठावीस पोरं. गोळी कागदात ठेवायची, दोन्ही टोकांना एकदम पीळ द्यायचा, टोपलीत. मोठ्या माणसाच्या बोटांना ते जमत नाही. आता पोरांसमोर साखर ठेवायची आणि खाऊ नका म्हणायचं, हे कसं व्हावं? मुकादमांनी त्यावर तोड काढली होती. दिवसभर मोठ्याने पाढे म्हणायचे. तोंडात पाढा असला की गोळी शिरत नाही. ज्याचा आवाज अडखळला त्याच्या गालावर मुकादम बोट दाबून बघायचे.

"काय रे बाळा, तेरा चोक काय?"

"ब्बावन्न."

"गाल सुजलाय काय? थुंक."

बे पासून तिसापर्यंत, मग पावकी, निमकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एका आकड्याला एक पीळ. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो आणि तिथे मला बाराच्या पुढे येत नव्हतं. आज इथे पाईपची मापं घेताना साहेब कागद शोधतो तोवर मी उत्तर सांगतो. आई म्हणायची, झोपेतसुद्धा माझी बोटं पीळ देत राहायची.

लिंबाच्या आंबट पुडीने बोटांच्या चिरा झोंबायच्या. पण दुपारच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचो. भाकरी एकाची, सुकट दुसऱ्याची. आणि पहिल्या पगाराच्या शनिवारी आईने ओले बोंबील आणले, पहिलं ताट वडिलांचं आणि दुसरं माझं वाढलं. दहा वर्षांच्या पोराला घरात दुसरं ताट मिळतं, तेव्हा त्याला आपलं काही चुकतंय असं वाटत नाही. मला तर राजा झाल्यासारखं वाटलं. तसं पुन्हा कधी वाटलं नाही, इथला पहिला पगार झाला तेव्हाही नाही.

मुकादमांशी माझी एक अढी आहे. जयंती झाली त्या दिवशी सुईणीला बोलवायला मी अर्धा तास आधी पळालो आणि त्यांनी अर्ध्या दिवसाचा खाडा मांडला. बारा वर्षं मनात धरलं. आता सोडलं. छत्री द्या.

कलम पाचवे. मृणालिनीताई यांना.

द्यायला वस्तू नाही, एक उत्तर आहे. ते सातव्या कलमात.

ताई दादरहून यायच्या, युनियनच्या कामात होत्या. संध्याकाळी चाळीच्या पटांगणात गॅसबत्ती लावून आम्हा कामावरच्या पोरांना लिहायला शिकवायच्या. हे अक्षर त्यांचं आहे. एकदा त्या नळावर बायकांच्या सह्या घ्यायला आल्या. कारखान्यातली लहान पोरं काढावीत असा अर्ज होता. मी कळशी धरून शेजारीच उभा.

"सरूबाई, दहा-दहा वर्षांची मुलं दिवसभर राबतात. सही करा. इन्स्पेक्टरला आणू."

"करतंय की. मंग दुपारी माझी चूल कोन पेटवतंय? तुमी की इन्स्पेक्टर?"

बायका फिदीफिदी हसल्या. ताई हसल्या नाहीत.

"मुलगा शिकला तर पुढे तुमचेच दिवस बदलतील."

"पुढं म्हंजे कवा? सोमवारी?"

"अहो, त्याची बोटं तरी बघा एकदा!"

"रोज रातच्याला खोबरेल मीच लावतंय, बघितल्याबिगर?" आईचा आवाज तिथे जरा चढला. "बसून काम हाय, सावलीत हाय. गावाला ह्याच वयाची पोरं उन्हातान्हात गुरांमागं फिरतात. त्यांच्यासाठी कुनी कागद घेऊन आलं नाय ते?"

ताईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. आईने सही केली नाही. इतर काही जणींनी अंगठे दिले. मला तेव्हा आईचं पटलं होतं. ताईंचंही खोटं वाटलं नव्हतं. दोघींपैकी एक तरी खोटी असती तर सोपं गेलं असतं.

कलम सहावे. चंदर यास माझा ट्रान्झिस्टर आणि पान्यांचा पूर्ण संच.

चंदर माझ्या शेजारी बसायचा. माझ्याहून एक वर्षाने लहान. अठ्ठावीस पोरांत दाखला असलेले आम्ही सात, बाकी बिनदाखल्याचे. बाहेर अनोळखी गाडी थांबली की मुकादम चालू पाढा तोडून एकदम सतराचा सुरू करायचे. सतरा ऐकलं की बिनदाखल्याच्या पोरांनी साखरेच्या गोदामात, पोत्यांच्या मागे जायचं. आम्हाला तो खेळ वाटायचा.

१९६६ साली संक्रांतीनंतर इन्स्पेक्टर आला तो आधीच माहिती घेऊन. सरळ गोदामात शिरला. पोत्यांना मुंगळे लागले होते, ते चावल्याने पोरं आधीच चुळबुळत होती. एकेकाला बाहेर काढून रांगेत उभं केलं. मग तो फळीपाशी आला.

"नाव?"

"बळवंत सोनू शिवगण."

"वय?"

"सतरा." मी होतो बाराचा.

त्याने दाखला बघितला, मला बघितलं, पुन्हा दाखला बघितला आणि ठेवून दिला. तेवढ्यात रांगेतून चंदर ओरडला, "हरेश! माझ्या आईला सांग रे!"

मी वळून बघितलं नाही. वळलो असतो तर मीही रांगेत गेलो असतो. मुकादम मोठ्याने म्हणाले, "बळवंत, पुढचा पाढा." मी म्हटला. अठराचा होता.

चंदरच्या आईने त्याला आठ दिवस घरी ठेवला. मग मालाडला एका पॉलिशच्या शेडमध्ये लावला. त्या शेडला पाटी नव्हती, रजिस्टर नव्हतं, म्हणून तिथे इन्स्पेक्टरही जात नव्हता. वर्षाच्या आत पॉलिशच्या चाकाने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली.

ते कळल्यावर ताई आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "हरेश, मी चुकले का रे? काय करायला हवं होतं मी?" मला काय कळणार! मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता आई नळावरचं सगळं काढणार. आई म्हणाली, "चा घ्या बाई. निवतंय." बस, तेवढंच.

चंदर आता गोरेगावात तासावर सायकली देतो. डाव्या हाताने पंक्चर काढतो आणि वर विनोद करतो, म्हणतो माझी आठच बोटं, चुकायला जागा कमी. मी का वळलो नाही हे त्याने कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे कलम त्याला वाचून दाखवावं.

कलम सातवे. ताईंना उत्तर.

इथे एक गोरा इंजिनीअर आहे. जेवणाच्या सुट्टीत तो पेपर वाचत होता. त्यात कुठल्याशा देशातल्या गालिचे विणणाऱ्या पोरांचा फोटो. म्हणाला, असे कारखाने जाळून टाकले पाहिजेत. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, मी बॉय, मी फॅक्टरी. गुड फॅक्टरी." त्याने वय विचारलं. मी म्हटलं, "टेन." तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू माझाही एखादा हात नाही. मला राग आला. ज्या फळीवर मी पाढे शिकलो, ज्या पगारात वडिलांचं औषध आलं, ती जाळायला निघालेला हा कोण?

आणि मग वनमालाचं पत्र आलं, आणि मी ते वाचता वाचता मोठ्याने "नाही" म्हणालो. मेसमधली माणसं बघायला लागली.

माझ्या वेळी चाललं, मग जयंतीच्या वेळी का नाही? याच्यावर मी खूप विचार केला. ताई, मला सुचलं ते असं. पोर घरात काय आणतं ते आधी बघावं. तेवढं दुसऱ्या वाटेने घरात आणून ठेवावं, मग पोराला उठवावं. तुम्ही आधी उठवलंत. आईने कधीच उठवलं नसतं. माझ्या वेळी आणून ठेवणारं कोणी नव्हतं. जयंतीच्या वेळी मी आहे.

कलम आठवे. बळवंतचं पान.

हे खास आईसाठी. बळवंत गेल्यावर पहिली दोन वर्षं सर्वपित्रीला तू त्याचं पान वाढायचीस. खीर, वडा, भात. मी कामाला लागलो आणि तू थांबवलंस. शेजारणीने विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "पगार आनतंय त्याचं पान कसं वाढू? नाव जितं हाय. हरेशच्या जिवावर येईल." आजोबांचं वाढलंस, पुढे वडिलांचं वाढलंस. बळवंत तेरा वर्षं उपाशी आहे, आई. त्याच्या नावावर मी जेवलो आणि त्याला घास नाही. मी असो वा नसो, पुढच्या सर्वपित्रीला त्याचं पान वाढ. मला काही होणार नाही. जयंती वनमाला झाली तर उद्या असंच काहीतरी तिच्या वाटेत येईल. वनमाला तर जिती आहे. एका दाखल्यावर दोन बहिणी कुठे कुठे पुरतील? लग्नात, दवाखान्यात, रेशनकार्डात, कोण कोणती?

कलम नववे. बँकेतलं माझं सगळं जयंतीच्या शिक्षणासाठी. ती शाळेत आहे तोवर त्यातून दर महिन्याला आईला घरखर्च मिळावा. शाळा सोडवून तिला कोणत्याही दाखल्यावर कामाला लावलं तर आईचा हप्ता बंद.

इथपर्यंत लिहून मी साक्षीदारांना बोलावलं. साक्षीदाराने मजकूर वाचावा असा नियम नाही, पण शिवदास वेसाव्याचा कोळी आहे, त्याला विचारल्याशिवाय घास गिळत नाही. तो कंपनीच्या बोटीवर असतो. कागद वाचून त्याने कपाळावर हात मारला.

"आरं, मंग मी दोन वरसं कोनाला हाक मारतंय? मेलेल्याला?"

"मलाच."

दुसरा साक्षीदार चंद्रप्रकाश, मालाडचा, वायरमन. तो म्हणाला, "यार, सही कुठे करू ते सांग. नावं तुझी दोन, मी सह्या दोन करू का?"

शिवदास पुन्हा वाचत होता. म्हणाला, "ह्यो कागद तू मेल्यावर चालनार ना?"

"मग? मृत्युपत्र आहे."

"आनि पोरगी दिवालीला कामावर जानार. चौदा दिवस राहिलं. मंग तिच्यासाठी काय बोटीवरून उडी मारतंस?"

चंद्रप्रकाश हसला. मला हसू आलं नाही. शिवदास बरोबर बोलत होता. नऊ कलमं लिहिली आणि जिच्यासाठी लिहिली तिला मी मरेपर्यंत त्यातलं एकही लागू नाही. शिवाय आईला हप्ता बंदची धमकी देणारा मी कोण? तिने धमकीला भीक घातली असती तर आम्ही जगलोच नसतो. नववं कलम खोडलं नाही, पण त्याच्यातलं शेवटचं वाक्य मी मागे घेतो. तेवढं वाचू नये.

कलम दहावे. हे जिवंतपणीचं आहे.

आजपर्यंत मी ड्राफ्ट आईच्या नावाने साध्या पाकिटातून पाठवत होतो. या महिन्यापासून ड्राफ्ट आईच्याच नावाचा राहील, पण पाकीट रजिस्टर होईल आणि त्यावर नाव असेल कुमारी जयंती सोनू शिवगण. पोस्टमन दुपारी एकच्या सुमारास येतो. सकाळची शाळा सुटून ती तेव्हा घरी असते. कारखान्यात गेली तर नसेल. ती स्वतः सही करून पाकीट घेईल आणि आईच्या हातात देईल. तिच्या सहीची पोचपावती इथे माझ्याकडे येते. पोस्टमनला माझा नमस्कार सांगावा आणि दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये म्हणावं. वनमाला, तू तुझा दाखला मुलुंडला घेऊन जा. आईने विचारलं तर माझं नाव सांग.

आई, वनमालाच्या नावाने कारखान्यातून जे येणार होतं त्याहून जास्त जयंतीच्या नावाने येईल. फलाटावर भत्ता मिळतो, तो सगळा याच पाकिटात. उद्याचं काय, असं तुला वाटतं, तर त्यासाठी पहिली नऊ कलमं आहेत. मी राहिलो तर हे दहावं.

जयंते, सही पूर्ण नावाची कर. आद्याक्षरं नकोत. पोस्टमन घाई करील, त्याला थांबव.

या कागदाच्या दोन प्रती केल्या. एक वनमालाकडे साध्या टपालाने. दुसरी, म्हणजे ही, रजिस्टरने जयंतीच्या नावे, या महिन्याच्या ड्राफ्टसोबत. तेव्हा आई, तुला कोणी हे वाचून दाखवत असेल, तर तुझ्या लेकीने दारात पहिली सही केलेली आहे.

लिहून देणार : हरेश्वर सोनू शिवगण, कागदोपत्री बळवंत सोनू शिवगण

साक्षीदार :
१. शिवदास जोमा भानजी, वर्सोवा
२. चंद्रप्रकाश विठू राऊत, मालाड (एकच सही केली)

मुक्काम अबुधाबी, कॅम्प नंबर तीन
शुक्रवार, दिनांक ८ ऑक्टोबर १९७६